टॅटूवाल्याला टीप द्यायची की आधी नीट पैसे?

मागच्या श्रावणात मी टॅटू काढून घेतला. वय ४६, बँकेत नोकरी, राहायला कोथरूड, हे आधीच सांगून टाकते म्हणजे "या वयात?" हा प्रश्न ज्यांना पडणार आहे त्यांना तो आत्ताच पडून जाऊ दे आणि आपण पुढे जाऊ. टॅटू म्हणजे काय तर आजीच्या हातावर गोंदण होतं, मधे तुळस, दोन्ही बाजूंना टिंबं आणि खाली एक वेलबुट्टीसारखं काहीतरी, जे पन्नास-साठ वर्षांत इतकं पसरलं होतं की ते मुळात काय होतं हे आजीलाही सांगता यायचं नाही, तर तेच मला माझ्या हातावर हवं होतं. आजीचं माहेर फलटणकडचं. ती सांगायची की गोंदणारणी दारावर यायच्या, काजळी आणि एकत्र बांधलेल्या सुया, पोरगी हलू नये म्हणून दोन बाया धरायला, झालं की वरून हळद. आणि पैसे? पैसे कुठले, पायलीभर ज्वारी आणि आईचं एक जुनं लुगडं. "मेल्यावर सोनं काढून घेत्यात गं, गोंदण तेवढं संगं येतं," हे वर.

तर डेक्कनच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर स्टुडिओ. बरोबर भाची होती, ती चार वर्षं बोस्टनला असते, सुट्टीला आलेली. काउंटरवरच्या माणसानं पट्टी लावून माप घेतलं, दोन बाय तीन, सहा चौरस इंच, इंचाला ७०० प्रमाणे ४२००. आता तुम्ही पुण्यात वाढला असाल, तुळशीबागेत आईचा पदर धरून हिंडला असाल, तर पुढचं वाक्य तोंडातून आपोआपच येतं, त्यासाठी डोकं वापरावं लागत नाही. "काहीतरी कमी करा ना." मी ३००० म्हटलं, तो ३८०० म्हणाला, मग मी फोन पर्समधे ठेवायला लागले, शेवटी ३५०० ला ठरलं. मी खूष. भाची भिंतीकडे बघत होती.

काढणारा मुलगा वेगळा. पंचविशीचा असेल, बार्शीकडचा, शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या, मग एटीडी म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केलेली, चित्रकलेच्या शिक्षकाची नोकरी मिळेना म्हणून इकडे आला. त्यानं आजीचा फोटो, म्हणजे १९८०च्या आसपासचा एक लग्नातला ग्रुप फोटो ज्यात आजीचा हात ताटाखाली अर्धा झाकलेला आहे, तो झूम करकरून दोन संध्याकाळी बसून ते डिझाइन उभं केलं होतं. ती वेलबुट्टी नाहीये, ती पाखरांची जोडी आहे असं त्यानं मला दाखवलं आणि मला भर स्टुडिओत रडू आलं. आधी मॅडम मॅडम करत होता, त्यानंतर ताई झाले. मग दोन तास. माझ्यासमोर सुयांच्या कार्ट्रिजचं सील फोडलं, हातावर डिझाइनचा छाप म्हणजे स्टेन्सिल बसवलं, वाकडं वाटलं म्हणून पुसून परत बसवलं, मशीनचा तो घूं असा आवाज, मधे मधे "ताई दुखतंय का, थांबू का" आणि मान एवढी खाली की मला त्याच्याच मानेची काळजी.

झालं. पैसे द्यायची वेळ. भाची कानात म्हणते, मावशी, वीस टक्के तरी दे, तिकडे टॅटूला तेवढं देतातच. मी मनात हिशोब केला, ३५०० चे वीस टक्के म्हणजे ७००. अगं वेडी का काय! एवढं नाही देत आपल्याकडे. मग तडजोड म्हणून काउंटरवरच्या क्यूआरवर ३५०० च्या जागी ३७०० टाकले आणि जरा फुशारकीतच जिना उतरायला लागले. तो मुलगा मागून धावत आला, छत्री राहिली होती माझी. मी म्हटलं, तुझ्यासाठी दोनशे जास्तीचे टाकलेत हं. तो म्हणाला, थँक्यू ताई. मग एक पायरी खाली येऊन हळूच म्हणाला, "पण तो क्यूआर सरांचा आहे."

रिक्षात बसल्यावर मला दोन आकडे एकदम दिसले. घासाघीस करून मी कमी केलेले पैसे, ४२०० वजा ३५००, किती झाले, ७००. आणि भाची म्हणत होती ती टीप किती, ७००. म्हणजे एका हातानं ज्याच्या मजुरीतून सातशे काढून घ्यायचे त्यालाच दुसऱ्या हातानं सातशे "खुशीनं" द्यायचे की नाही यावर मी आणि भाची तिथं कुजबुजत होतो, आणि मी तर तेही न देता दोनशेवर मोठेपणा मिळवून बाहेर पडले होते, तोही भलत्याच माणसाच्या, म्हणजे स्टुडिओच्या मालकाच्या खात्यावर.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. ऑफिसात विचारलं, सोसायटीच्या कट्ट्यावर विचारलं, टॅटूवाल्याला टीप द्यायची का? वडीलधारी मंडळी म्हणाली टॅटूच कशाला काढायचा, तो विषय वेगळा. तरुण मुलं म्हणाली हो, दोनशे-पाचशे देतो, किंवा नाही, कशाला, चार्ज तर घेतातच. आणि एकानं सांगितलं की मी आधी हजार कमी करून घेतो आणि मग त्यातले दोनशे टीप देतो, दोघंही खूष. हे वाक्य त्यानं इतक्या निष्पापपणे सांगितलं की मला आरशात बघितल्यासारखं झालं.

माझं मत आता असं झालंय की ज्यानं भाव केला त्याला टीप द्यायचा हक्क नाही. म्हणजे देऊ नका असं नाही म्हणत, तुमचे पैसे तुम्ही द्या, पण त्याला टीप म्हणू नका, ती घेतलेल्यातली परतफेड आहे. आणि आपल्याला, निदान पुण्यातल्या माझ्यासारख्या मध्यमवर्गी माणसांना, दर द्यायला जड जातं आणि दान द्यायला आवडतं, हा सगळ्या भानगडीचा उगम आहे.

पटत नसेल तर आपल्याच सोसायटीत बघा. २००८ पासून महापालिकेबरोबर काम करणारी 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे, तिच्या ताया दारोदार कचरा घेतात, घरामागे महिन्याचे ठरलेले पैसे असतात. ते पैसे मागायला ताई आली की "पुढच्या आठवड्यात ये गं", "सुट्टे नाहीत", "मागच्या महिन्यात दोन दिवस आली नव्हतीस". आणि तीच मंडळी दिवाळीला पोस्त म्हणून साडी आणि फराळाचा पुडा देताना कसली मायाळू होतात! साडी दिली की ती वाकून नमस्कार करते, महिन्याचे पैसे घेताना नुसती वहीत टिक करते. आपल्याला तो नमस्कार हवा असतो हो.

मराठीत बघा यासाठी शब्द किती. बक्षिसी, खुशी, पोस्त, चहापाणी, आणि जरा घसरलं की चिरीमिरी. आणि यातला प्रत्येक शब्द वरून खाली येणारा आहे. बक्षीस फारसीतून आलं, मालकानं चाकराला द्यायचं. पोस्त पोस्टमनला, वॉचमनला. चिरीमिरी कुणाला ते सांगायला नको, तिथं मात्र देणारा खाली असतो. बरोबरीच्या माणसाला आपण टीप देत नाही. दातांच्या डॉक्टरकडे जा, तिथंही खुर्चीवर आडवं पडायचं, तिथंही कानाशी मशीन घूं करतं, तिथंही दुखतंय का विचारतात, रूट कॅनालचे आठ हजार आपण निमूट देतो, भाव करत नाही आणि "हे घ्या डॉक्टर, चहापाण्याला" असंही म्हणत नाही. म्हटलं तर काय होईल कल्पना करा. मग टॅटूवाल्यालाच का? तोही सुईच चालवतोय, तोही रक्ताशी खेळतोय, चुकला तर ते तुम्ही आयुष्यभर घेऊन फिरणार. फरक एवढाच की त्याच्या नावामागे डॉक्टर नाही आणि तो बार्शीहून आलाय.

भाचीशी यावर मस्त भांडण झालं. तिचं म्हणणं, मावशी तू उगाच तत्त्वज्ञान करतेस, तिकडे आर्टिस्टला कमाईतला मोठा वाटा दुकानाला द्यावा लागतो, कुणी निम्मा देतो, कुणी खुर्चीचं भाडं भरतो, म्हणून टॅटूला पंधरा-वीस टक्के टीप ही तिथली रीत आहे आणि त्यांचं घर त्यावर चालतं. खरंय. पण ही रीत आली कुठून ते मी जरा वाचलं आणि मला तर ती रीत इकडे मुळीच नको झाली. अमेरिकेत यादवी युद्धानंतर, गुलामगिरी कायद्यानं संपली तेव्हा, पुलमन नावाच्या कंपनीनं रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत नोकर म्हणून मुक्त झालेली काळी माणसं भरली. पगार अगदी थोडा, बाकीचं प्रवाशांच्या टीपमधून बघा. म्हणजे कंपनीचा पगार प्रवाशांनी द्यायचा, तोही मर्जी झाली तर, आणि नोकरानं त्यासाठी दिवसरात्र हसतमुख राहायचं. त्या पोर्टर लोकांनी १९२५ मधे ए. फिलिप रँडॉल्फच्या पुढारीपणाखाली युनियन काढली आणि १९३७ मधे कंपनीकडून करार मिळवला, बारा वर्षं झगडून. त्याच्याही आधी वॉशिंग्टन राज्यानं १९०९ साली टीपवर चक्क कायद्यानं बंदी घातली होती, पाठोपाठ आणखी काही राज्यांनी, पण १९२६ पर्यंत ते सगळे कायदे गेले आणि टीप राहिली. आज तिथला केंद्राचा कायदा असा की सर्वसाधारण किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर, २००९ पासून तेवढंच, पण ज्याला टीप मिळते त्याला मालकानं २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतं, फक्त टीप धरून बेरीज सव्वासातपर्यंत गेली पाहिजे. तो २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही. काही राज्यांत याहून चांगले नियम आहेत ते सोडा. टॅटूवाले त्या कायद्यात बहुतेक बसत नाहीत, ते स्वतंत्र धंदेवाले धरले जातात, पण गिऱ्हाइकाला जी सवय लागली ती हीच, की समोरच्याचं पोट भरायचं काम माझं आणि दुकानदार मोकळा.

आणि आपल्याला हे कळायला अमेरिकेपर्यंत जायची गरज काय होती खरं तर. बलुतं काय होतं? खळ्यावर धान्य झालं की न्हावी, सुतार, लोहार, सगळ्यांनी आपापला वाटा घ्यायला उभं राहायचं, आणि वाटा रिवाजानं ठरलेला असला तरी सूप किती भरेल ते बऱ्याचदा देणाऱ्याच्या मर्जीवर. १९२८ मधे बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं त्यातलं दुखणं हेच होतं, की गावाची आणि सरकारची कामं करणाऱ्या माणसाला सरकार नीट पगार देत नाही, त्याला गावकऱ्यांच्या बलुत्यावर सोडलंय आणि ज्याचं पोट गावाच्या मर्जीवर आहे तो गावासमोर ताठ उभा राहू शकत नाही. ते बिल तेव्हा पास झालं नाही. पण मुद्दा शंभर वर्षांनी स्टुडिओच्या जिन्यात उभा राहून मला कळला असं म्हटलं तर फार नाटकी होईल, तरी थोडं खरं आहे. याच पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं हमालांसाठी काय मागितलं? ठरलेले दर मागितले, भविष्याची सोय मागितली. १९६९ चा माथाडी कायदा आला तो असल्याच मागण्यांतून. व्यापाऱ्यांनी दिवाळीला मोठं पाकीट द्यावं अशी मागणी घेऊन कुणी मोर्चा काढल्याचं मी ऐकलेलं नाही.

इथपर्यंत माझं सगळं पक्कं होतं. टीप वाईट, दर चांगला, मी पुढच्या वेळी पूर्ण दर देणार, विषय संपला. मग महिन्याभरानं मी टच-अपला गेले आणि त्या मुलानं माझ्या सगळ्या थिअरीला एका मिनिटात भोक पाडलं.

टच-अप म्हणजे टॅटू भरून आला की कुठे शाई नीट बसली नसेल, एखादं टिंब फिकं पडलं असेल तर ते परत भरायचं, बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा फुकट असतं. काउंटरवर कोणी नव्हतं, तर मी त्याला सरळ विचारलं. तुला मिळतं काय रे यातलं? म्हणाला चाळीस टक्के, साठ सरांचे. खुर्ची, एसी, जागेचं भाडं, जाहिरात सरांचं, मशीन माझं, कार्ट्रिज पण माझ्याच. मी म्हटलं, म्हणजे मी सातशे कमी केले त्यात तुझं नुकसान झालं ना, सॉरी. तो हसला. ताई, हिशोब करा ना, बँकेत आहात. ४२०० दिले असते तर मला १६८०, ३५०० दिले म्हणून १४००. माझे गेले २८०. आणि तुमच्या त्या मॅडम म्हणत होत्या तसे ७०० माझ्या हातात दिले असते तर मला २१०० पडले असते. "मला टीपच परवडते."

मी गप्प. खरंच आहे की. भाव कमी करून ती पूर्ण रक्कम पोराच्या हातात ठेवणारा कुणी असेल तर तो या हिशोबानं माझ्याहून जास्त धर्म करतो, मालकाच्या साठ टक्क्यांतून काढून पोराला देतो (अर्थात मघाचा तो निष्पाप प्राणी हजार कापून दोनशेच देतो, म्हणजे तिथंही पोराचे दोनशे गेलेलेच असतात, कापलेल्या हजाराचे चाळीस टक्के चारशे, मिळाले दोनशे. हिशोब सगळीकडे करून बघायची सवय लागलीय मला आता).

पण जरा पुढचा विचार करा. समजा सगळं पुणं भाचीसारखं झालं, एफसी रोडपासून कोरेगाव पार्कपर्यंत प्रत्येक गिऱ्हाईक वीस टक्के देऊन जायला लागलं, तर काय सर काउंटरवर डोळे मिटून बसणार आहेत? पुढचा मुलगा नोकरीला येईल त्याला सांगतील, वाटा तीस टक्के, पण टीप चांगली मिळते आपल्याकडे. हे वाक्य हॉटेलात आणि पार्लरमधे आपण ऐकलेलंच आहे. म्हणजे वर्षभरात मुलगा होता तिथेच येणार, फक्त आधी चाळीस टक्के हक्काचे होते ते आता तीस हक्काचे आणि बाकी आमच्या मूडवर. पुलमनच्या डब्यात हेच झालं होतं. आणि मूडवर म्हणजे कुणाच्या? दिसायला छान, इंग्लिश बोलणाऱ्या, गप्पा मारणाऱ्या आर्टिस्टला जास्त मिळणार, कमी बोलणाऱ्या पण रेघ सरळ काढणाऱ्याला कमी. या धंद्यात मुली आहेत आता बऱ्याच. तास-दोन तास गिऱ्हाइकाच्या इतक्या जवळ बसून काम करायचं आणि त्याच्या खिशावर शेवटची कमाई अवलंबून, मग नको ते बोलणं पण हसून घ्यायचं, हे मला तरी माझ्या भाचीच्या बाबतीत चालणार नाही.

शिवाय टीपला कागद नसतो. २०१६ मधे सुप्रीम कोर्टात आयटीसी हॉटेल आणि इन्कम टॅक्स खात्याची केस होती, गिऱ्हाइकानं कार्डवर दिलेली आणि हॉटेलनं वेटर लोकांना वाटलेली टीप हा पगार आहे का. कोर्ट म्हणालं पगार नाही, ती मालकानं दिलेली नसते, गिऱ्हाइकाच्या मर्जीची असते, नोकराचा मालकाकडे त्यावर हक्क नाही. टॅक्सच्या बाजूनं ते बरोबरच असेल. पण मी लोन डिपार्टमेंटला बसते, माझ्यासमोर असा मुलगा टू-व्हीलरच्या कर्जाला येतो तेव्हा त्याच्या खात्यात महिन्याला आलेले चौदा हजार दिसतात, हातात मिळालेले सहा हजार मला दिसत नाहीत आणि दिसले तरी मी ते धरू शकत नाही.

मग सक्तीची टीप? म्हणजे बिलातच लावून टाकायची? ते हॉटेलवाल्यांनी करून बघितलंय. सर्व्हिस चार्ज आपोआप लावायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मधे मनाई केली, हॉटेलवाले कोर्टात गेले, मार्च २०२५ मधे दिल्ली हायकोर्टानं ती मनाई कायम ठेवली. मला तो निकाल पटतो. ज्याला वाढवून पैसे हवेत त्यानं मेनूकार्डावरचा डोशाचा भाव वाढवावा, मी बघेन खायचा का नाही. टॅटूवाल्यांनीही इंचाला ७०० परवडत नसेल तर ८५० करावेत आणि भिंतीवर पाटी लावावी, पुण्यात पाटीला कुणी नाही म्हणत नाही. "येथे भाव केला जाणार नाही. डिझाइन काढण्याचे वेगळे पैसे पडतील. अपॉइंटमेंट चुकवल्यास ॲडव्हान्स परत मिळणार नाही." एवढी पाटी लागली तरी अर्धा विषय मिटेल. डिझाइनचे पैसे हा तर खरा मुद्दा आहे, कारण आजीचा हात ताटाखालून काढायला त्याला ज्या दोन संध्याकाळी लागल्या त्या इंचात मोजल्या गेल्याच नाहीत, सहा इंचांचे पैसे झाले, पाखरं फुकट.

आणि जो स्वतःच मालक आहे, स्वतःच काढतो, स्वतःच दर ठरवतो, महिना महिना वेटिंग आहे, त्याला टीप कशाला हे मला अजूनही कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. त्याला पूर्ण पैसे द्या, वेळेवर जा, जेवून जा म्हणजे चक्कर येणार नाही, अंघोळ करून जा (हे लिहावं लागतंय, पण तो मुलगा म्हणाला लिहा ताई), मधे फोनवर बोलत हात हलवू नका. आणि टॅटू भरून आल्यावरचा स्वच्छ फोटो पाठवा, ताज्या टॅटूचे फोटो सगळ्यांकडे असतात, महिन्यानंतरचा कुणी पाठवत नाही, त्यावरूनच काम कळतं. नोकरीवर असलेल्या मुलाचं असेल तर रिव्ह्यूमधे नुसतं स्टुडिओचं नाव न लिहिता त्याचं नाव लिहा, इन्स्टावर त्याला टॅग करा. उद्या तो स्वतःचं काही काढेल तेव्हा हेच त्याचं भांडवल. असं केल्यानं पैशांची भरपाई होते असं मात्र समजू नका, "एक्स्पोजर देतो" म्हणणारे लोक काय लायकीचे असतात ते सगळ्या चित्रकारांना विचारा.

तरीही तो मुलगा म्हणाला ते खरंच आहे, आज, या महिन्यात, त्याच्या चाळीस टक्क्यांत त्याला टीपच परवडते, आणि माझी थिअरी खरी ठरेपर्यंत त्यानं उपाशी राहावं असं मी म्हणू शकत नाही. म्हणून मी स्वतःपुरतं एक ठरवलंय. दर जो असेल तो, एक रुपया कमी करायचा नाही, परवडत नसेल तर टॅटू छोटा काढायचा. टक्क्यात टीप मोजायची नाही, मला ते टक्केच आवडत नाहीत, टक्के आले की ती वसुली होते. आणि जे काम मोजलंच गेलेलं नाही त्याचे पैसे करणाऱ्याच्या हातात द्यायचे, रोख. २०१६ पासून यूपीआय आलं तसं खिशात सुट्टे ठेवायची सवय गेली, बडीशेपेच्या वाटीत ठेवायला दहाची नोटही नसते, आणि क्यूआर कुणाचा आहे हे विचारायचं कुणाला सुचत नाही, मला तरी कुठे सुचलं होतं. आता मी विचारते. पार्लरमधेही विचारते, तिथली मुलगी आधी काउंटरकडे बघते आणि मग सांगते.

टच-अपचं तर सगळ्यांनीच बघायला हवं. फुकट टच-अप हे सर जाहीर करतात, पण त्या पंचवीस मिनिटांचे चाळीस टक्के म्हणजे शून्याचे चाळीस टक्के. कार्ट्रिज मात्र त्याचीच नवीन फोडली. लोक पहिल्या दिवशी भारावून टीप देतात आणि टच-अपला "फुकटच आहे ना" म्हणून हात हलवत येतात आणि तसेच जातात.

मी त्या दिवशी जाताना कपाटातलं आहेराचं पाकीट घेऊन गेले होते, तेच आपलं गणपतीचं चित्र आणि वर चिकटवलेला रुपया. आत ७००. घरातून निघतानाच ठेवले होते, म्हणजे त्याचा तो हिशोब ऐकायच्या आधी. मी घासाघिशीत काढून घेतलेले होते ते सगळेच द्यायचे असं ठरवलेलं, त्यातले त्याचे २८० आणि सरांचे ४२० हा भाग मला तेव्हा माहीत नव्हता, आणि कळल्यावर सरांचे ४२० सरांना द्यावेत असं मला वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करते. भाचीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, मावशी, झाले की वीस टक्के.

त्यानं पाकीट उलटसुलट करून बघितलं, रुपयावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ताई, लग्न कुणाचं आहे?" मी म्हटलं ते पाखरांचं आहे, घे. तेवढ्यात जिन्यावर सरांच्या चपलांचा आवाज आला आणि त्यानं पाकीट पटकन मशीनच्या खोक्यात सरकवलं.